गाळलेल्या ओळी

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आज रविवार नाही, तरी मेलच्या विषयाच्या जागी नेहमीसारखं ‘चार्ट’ असंच लिहिलंय, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर तू उघडलं नसतंस. माझे फोन तर तू सहा वर्षांत घेतले नाहीस. तेव्हा आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच, तुझ्या पाया पडते.

माझं बरं चाललंय. सूतगिरणीच्या तपासणी खोलीत नवीन पंखा आला. साहेब अजूनही धाग्याच्या ताकदीचे चार्ट माझ्याच स्क्रिप्टवर, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर, काढतात आणि वरच्यांना स्वतःचे म्हणून दाखवतात. जाऊ दे.

तीच स्क्रिप्ट मी घरी वापरली, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी बाबांना श्वासाचा जोर मोजायची ती प्लॅस्टिकची नळी दिली, रोज सकाळी जोरात फुंकायचं, काटा जिथे जाईल तो आकडा वहीत लिहायचा. तू मेलवर लिहिलंस, “रडगाणं नको, आकडे पाठव.” म्हणून दर शनिवारी मी वही फाइलमध्ये उतरवायची, एका ओळीत तारीख आणि आकडा. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते आणि दर दहाला एक तारा छापते. तीनशेला तीस तारे. ताऱ्यांच्या पट्ट्या एकाखाली एक, तारखांशिवाय, आणि रविवारी सकाळी त्या तुझ्याकडे. तुझं उत्तरही ठरलेलं: “ठीक दिसतंय. थोडं खाली-वर चालायचंच.”

दादा, ते ठीक नव्हतं.

गिरणीत कधी कधी आकड्याच्या जागी ‘धागा तुटला’ नाहीतर ‘मशीन बंद’ असं लिहिलेलं असतं. तिथे तपासणीच झालेली नसते, म्हणून मी स्क्रिप्टला सांगून ठेवलंय, दुसऱ्या रकान्यात आकडा नसेल तर ती ओळ सोडून पुढे जा. घरी आणताना ते वाक्य काढायचं राहून गेलं. ज्या दिवशी बाबांना फुंकवलं नाही, त्या दिवशी ते वहीत शब्द लिहायचे. ती ओळ गळायची आणि खालची पट्टी वर सरकायची. गेल्या शनिवारपर्यंतच्या चाळीस दिवसांतल्या सतरा ओळी अशा गेल्या. तुला तेवीस दिसल्या, त्याही त्यातल्या त्यात बऱ्या दिवसांच्या. तू मोजल्या नाहीस.

स्क्रिप्टची चूक, असं म्हणून इथेच थांबावं असं सकाळपासून तीनदा वाटलं. पण फाइल कोण टाइप करत होतं? मीच ना. ते शब्द माझ्याच बोटांखालून गेले. वहीत आहे तसे लिहिते:

२१ ऑक्टोबर. जमलं नाही. थोरल्याला कळवा.

२६ ऑक्टोबर. दम लागला. थोरला कधी येतोय?

३ नोव्हेंबर. आज नको. त्याला म्हणावं, अडलंय.

‘अडलंय.’ तुला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वीच्या भांडणात बाबा म्हणाले होते, “तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही,” आणि तू दारातून म्हणाला होतास, “अडेल तेव्हा कळवा.” त्यांनी कळवलं, दादा. मी पोचवलं नाही.

का, ते सांगायची लाज वाटते. सहा वर्षं त्यांची अंघोळ, औषधं, चिडचिड, सगळं मी केलं. नळी हातात देणारी मी, पाठीला उशी लावणारी मी. आणि सतरा ओळींत माझं नाव एकदाही नाही. प्रत्येक ओळीत थोरला. मी मनात म्हटलं, त्याला आकडेच हवेत ना, मग घे आकडे. राग तुझ्यावर होता की त्यांच्यावर, अजून कळत नाही. भोगतायत मात्र ते.

ते रोज विचारायचे, “काय म्हणाला थोरला?” मी सांगायचे, कामातून मोकळा झाला की निघतोय. मग ते हजामत करून बसायचे. शुक्रवारपासून हजामतीला हातच उचलत नाही, तर म्हणाले तू कर. मी केली. रडत रडत केली, आणि गालावर थोडं कापलं.

डॉक्टर काल येऊन गेले. बाहेर नेऊन मला म्हणाले, “दोन-तीन दिवस. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या.”

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुझं ते यंत्र शब्द टाकून देतं?”

“हो.”

“आणि आकडा असला की पोचतो?”

“पोचतो.”

त्यांनी नळी मागितली. मी ती ओठांशी नेली, त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि फुंकलं. काटा जागचा हलला नाही. पुन्हा फुंकलं. मी म्हटलं, “बाबा, पुरे.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “शून्य लिही. शून्य हा आकडा आहे ना? मग जाईल त्याच्याकडे.” आणि हसायला गेले, तर खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

दादा, मला क्षमा करू नकोस. आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी. तू आलास की मी खोलीच्या बाहेर बसेन. पण हे वाचून झाल्यावर उत्तर लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीने नीघ.

खाली आजचा चार्ट आहे. यावेळी पट्ट्यांपुढे तारखा छापल्या आहेत. शेवटची तारीख आजची, तिच्यापुढे एकही तारा नाही. ती ओळ मी गाळलेली नाही. ती बाबांनी तुला पाठवली आहे.

वाट बघतोय, दोघंही.

छोटी