अमेरिकन कादंबरीच्या गोषवाऱ्यातून सुटका मिळणेबाबत

प्रति,
मा. मानद ग्रंथपाल,
सुहृद मराठी वाचनालय, कलकत्ता.

विषय : रविवारचा गोषवारा सांगण्याची जबाबदारी बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले तिसरे स्मरणपत्र, दि. ४ नोव्हेंबर १९७४.

महोदय,

१. अर्जदार श्यामराव टिपणीस, राहणार बागबाजार, जुन्या मराठा खंदकाजवळ, हे सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे अधीक्षक आहेत. पाडव्याच्या संमेलनात "सातशे पानांची अमेरिकन कादंबरी? आठवड्यात उडवतो!" असे त्यांच्या तोंडून निघून गेले, हे त्यांना मान्य आहे. पुस्तक परत करताना चारचौघांत गोषवारा सांगायचा, हा आपला नियम ठाऊक असूनही निघून गेले. त्याला सात महिने झाले.

२. अर्जदाराने कादंबरी फाईल वाचावी तशी रीतसर वाचली. पात्रांची हजेरीवही ठेवली. एकूण पात्रे २१३. पैकी १४० एकदा तोंड दाखवून विनापरवानगी गैरहजर. दोघांनी मध्येच नावे बदलली, त्याची राजपत्रात नोंद झाल्याचे कुठेही म्हटलेले नाही. नायक लिफ्ट दुरुस्त करणारा. तो ८८व्या पानावर लिफ्टमध्ये शिरतो, तो शेवटपर्यंत बाहेर येत नाही! पाने गहाळ असावीत म्हणून ती तीनदा मोजली. दुर्दैवाने सर्व आहेत.

३. दरम्यान अर्जदार कचेरीत असताना त्यांच्या पत्नी सौ. कालिंदी यांनी तेच पुस्तक दुपारी भाजी निवडता निवडता संपवले. वर हसल्यासुद्धा. खुलासा मागितला असता त्यांनी सांगितले की, "अहो, लिफ्ट कधीच सुरू झालीय. त्यालाच बाहेर यायची लाज वाटतेय. मला सगळं जमतं म्हणून गावभर सांगून बसलाय ना!" एवढे बोलून त्यांनी अर्जदाराकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

४. तेव्हापासून अर्जदाराला जेवण गोड लागत नाही. कलकत्त्यात मराठी माणसे ती किती, त्यांतही रविवारी अब्रू गेली तर तोंड लपवायला जागा उरणार नाही. म्हणून सौ.कडे गोषवारा उसना मागून पाहिला. त्या म्हणाल्या, आधी वाचनालयाला लेखी कळवा.

५. तरी लेखी कळवण्यात येते की, अर्जदाराला सदर कादंबरी कळलेली नाही. अजिबात नाही. सबब रविवारी बोलण्यासाठी सौ. कालिंदी यांना बोलवावे, व अर्जदाराला पहिल्या रांगेत ऐकायला बसू द्यावे. खरे सांगायचे तर, शेवट काय झाला हे अर्जदारालाही ऐकायचे आहे.

आपला नम्र व हे लिहून बराच मोकळा झालेला,
श्यामराव टिपणीस
दि. ७ नोव्हेंबर १९७४

सोबत : पात्रांची हजेरीवही, एक.
पुस्तक जोडलेले नाही. सौ. ते दुसऱ्यांदा वाचत आहेत. मागायचे धाडस झाले नाही.