काळं कुंकू

१८ एप्रिल, यावल
रूपालीच्या लग्नाचा व्हिडिओ एकदाचा शिंदखेड्याला, तिच्या सासरी पाठवला. सख्ख्या भाचीचं लग्न, म्हणून जास्तच जीव ओतला. स्टेजवरच्या एलईडीमुळे चेहऱ्यांवर आडवे पट्टे सरकत होते. शूटिंग चालू असतानाच शटर जुळवून घालवले. स्वतःवर खूश आहे.

२० एप्रिल
रूपालीच्या सासूबाईंचा फोन. पाहुणे बसवून टीव्हीवर लावला म्हणे. "भाऊ, कुंकू काळं कसं काय जयं?"
फाईल उघडली. अक्का लेकीची ओटी भरतेय, कुंकू लावतेय. कपाळावर काळाकुट्ट ठिपका.
निळा लाइट! निळ्या उजेडात लाल काळंच दिसतं. त्या डेकोरेशनवाल्याला दोनदा सांगितलं होतं, निळा बंद कर. "शोभा जाते," म्हणे. शोभा!
आणि मी? पट्ट्यांच्या मागे लागलो, रंग बघितलाच नाही. गाढव.

२१ एप्रिल
फोनवर निळ्या लाइटचं समजावलं, पण बाई ऐकायलाच तयार नाहीत. "आम्ही तवयच सांगेल व्हतं, विधवाना हात नको."
दाजी जाऊन सहा वर्षं झाली. ओटी आईच भरेल, हे भर मांडवात मीच ठणकावलं होतं. आता माझाच कॅमेरा अक्काच्या विरुद्ध साक्ष देतोय.

२३ एप्रिल
रंग सुधारायला बसलो. लाल त्यात उरलेलंच नाही, आणू कुठून? वरून टिकली चिकटवली, खोटी दिसते. पुसली.
संध्याकाळी शिंदखेड्याचा निरोप: आखाजीला पोरीला न्यायला येऊ नका. लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेचं पहिलं माहेरपण!
अक्का म्हणाली, "मीच हात लावायला नको होता." भयंकर चीड आली. तिचीसुद्धा.

२६ एप्रिल, शिंदखेडा
बोलावलं नाही, तरी पोरीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून आलो. पिशवीत कॅमेरा, निळा बल्ब, कुंकवाची डबी. खिडक्या लावल्या, बल्ब पेटवला. सासूबाईंना म्हटलं, आता तुम्ही लावा. लावलं रूपालीला. स्क्रीनवर काळं.
"मना हात ते चांगला शे!" बाई घाबरल्या. पदर घेऊन पुसायलाच निघाल्या. सुनेचं कुंकू. हात अर्ध्यावर थांबला.
रूपालीने खिडकी उघडली. कपाळ लालभडक.
"बंद करा तो कॅमेरा," एवढंच बोलल्या आणि तिला घेऊन आत गेल्या.
ओट्यावर बसून लिहितोय. अर्धा तास झाला. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. अक्काचा तिसरा फोन वाजतोय. पोरीला पाठवताहेत की नाही, काय सांगू?