डाव्या हातातला फिंजान

अम्मान, मंगळवार

प्रिय अरीन,

तुझं पत्र आणि तुझ्या आईने पाठवलेली मकदूसची बरणी, दोन्ही पोचलं. वांगी उत्तम मुरलीत, आईला सांग. पत्र मात्र घशाखाली उतरेना. तू लिहिलंस की ऑफिसात सगळ्यांनी तोंडं फिरवली तेव्हा एकटी मी तुझ्या बाजूने उभी राहिले. आणि खाली लिहिलंस की मोबाइलच्या खेळांसाठी चित्रं काढायचं काम आता पुरे, एक तारखेपासून इर्बिदला काकांच्या औषधाच्या दुकानात बसणार, संगणकावर चित्रं काढायचं पेन आणि पाटी मामेबहिणीला देऊन टाकणार. अगं बाई, थांब. निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी कुणाला काही देऊ नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला अर्ध्यात तोडून "जाऊ दे गं" म्हणशील, आणि मला ते ऐकायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा तुला पेन धड धरता येत नव्हतं, आठवतंय? कोणी शिकवलं? मी. फोटो रीतसर विकत घ्यायचा, खालच्या थरावर ठेवून फिका करायचा, वरच्या कोऱ्या थरावर त्याची रेघ गिरवायची, तीन सपाट रंग भरायचे आणि शेवटी खालचा फोटो काढून टाकायचा. झालं खेळातलं चित्र. "आपल्याला चित्रकार व्हायचं नाहीये, गिरवता आलं की पुष्कळ," असं मीच तुला सांगायची. मी उंट गिरवले, टॅक्स्या गिरवल्या, टोमॅटो तर इतके गिरवले की भाजीवाल्याकडे बघवेना. आणि सहा महिन्यांत तू काय केलंस? तोच बकरीचा फोटो, तेच पेन. माझी बकरी बकरीसारखी दिसायची आणि तुझी आत्ता बाही ओढेल अशी. मी फोटोतली प्रत्येक सुरकुती गिरवायची, तू निम्म्या रेघा सोडून द्यायचीस. कुठल्या सोडायच्या हे तुला कोणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं, मलाच ठाऊक नव्हतं. नाइलसाहेब माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणायचे, "तगरीद, जरा अरीनची रेघ बघ." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा माझ्या आईने फोनवर तुझी ती बकरी पाहिली आणि विचारलं, "हे तू काढलंस? हात फिरला की गं तुझा!" मी हो म्हटलं. सख्ख्या आईशी खोटं बोलले, तेही एका बकरीपायी.

मग अबू मिशआलचं काम आलं. कॉफीचा एवढा मोठा व्यापारी, त्याला आपल्या दुकानाच्या नावाने खेळ हवा होता: तंबूत पाहुणे येतात, म्हातारा यजमान त्यांना कॉफी देतो, बोट लावलं की कॉफीचा इवलासा फिंजान भरून पुढे येतो. ते काम मला हवं होतं, अरीन. मी कराकची. माझे बाबा गावातल्या प्रत्येक लग्नात पितळी दल्ला घेऊन पाहुण्यांना कॉफी ओतत फिरायचे. कॉफी कशी देतात हे मला पायऱ्या मोजता येण्याआधीपासून कळत होतं. मी नाइलसाहेबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "पाहुणे तू काढ, यजमान अरीन काढेल." म्हणजे मुख्य माणूस तुझा, गर्दी माझी. त्या दुपारी तू दोघींसाठी भट्टीतल्या रोटीचा गरम मनाकीश मागवलास आणि मी तुझं अभिनंदन करत तो खाल्ला. एकेक घास दगडासारखा लागत होता.

तुझा यजमान बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खांद्यावरचा अंगरखा चार रेघांत, डोळे दोन ठिपक्यांत, आणि तरी म्हातारा कोणाचा तरी आजोबा वाटत होता. फक्त खेळाच्या पडद्यावर तंबू दुसऱ्या बाजूला होता, म्हणून तू सगळा यजमान आरशातल्यासारखा उलटवला होतास. ते आपण रोजच करतो, झाडं उलटवतो, मांजरं उलटवतो. गिरवणाऱ्याला हात दिसतच नाही, रेघ दिसते. तुला मात्र काहीतरी टोचत होतं. तू मला ओढून आणलंस आणि म्हणालीस, "तगरीद, जरा नजर टाक बाई, काहीतरी खटकतंय आणि कळत नाहीये." मी बघितलं. म्हटलं, "काही खटकत नाही. हात लावशील तर बिघडवशील." तू माझ्या गळ्यात पडलीस.

पुढचं तुला माहीतच आहे. अबू मिशआल तीन मुलांना घेऊन आला, आपण त्याच्यापुढे कॉफी ठेवली, पडदा उजळला आणि तुझ्या म्हाताऱ्याने उजव्या हातात दल्ला धरून डाव्या हाताने पाहुण्यापुढे फिंजान केला. अबू मिशआलने स्वतःचा फिंजान न पिता खाली ठेवला. पाहुण्याने कॉफी तशीच ठेवली म्हणजे यजमानाकडून अपमान झालाय, हे कोणाला सांगावं लागलं नाही. "माझ्या नावाच्या तंबूत पाहुण्याला डावा हात? एवढंच बाकी होतं!" तो ओरडला नाही, हळू बोलला, ते जास्त वाईट होतं. नाइलसाहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अरीन, तू कुठल्या देशात वाढलीस?" तू मान खाली घालून म्हणालीस, "चूक माझीच." मी तुला पाणी आणून दिलं, खाली टॅक्सीपर्यंत सोडायला आले, तुझी पिशवी धरली. त्यालाच तू बाजूने उभं राहणं म्हणतेस.

अरीन, मी तो डावा हात त्याच दिवशी पाहिला होता. तू मला ओढून आणलंस तेव्हाच, पहिल्या नजरेत. बाबांची मुलगी तो कसा बघणार नाही? दोन बोटांचं काम होतं, पुन्हा उलटवायचं आणि तंबू सरकवायचा. मी तीन आठवडे मूग गिळून बसले, रोज तुझ्याबरोबर जेवले, आणि रोज मनात म्हटलं, पडू दे एकदा तोंडावर. आज सकाळी हे सगळं मी नाइलसाहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "का केलंस?" मी म्हटलं, "जळत होते." "आणि आता?" मी म्हटलं, "आताही." ते म्हणाले की अरीनला बोलवायचं तर तूच बोलव, आणि तिने नाही म्हटलं तर तूही तुझं सामान आवर. पण त्या भीतीने मी लिहीत नाहीये. सामान मी आवरूनच ठेवलंय. तू औषधं विकत बसलीस तर अम्मानमध्ये सगळ्यात चांगली रेघ माझी ठरेल, आणि ती चांगली नाही हे मला रोज सकाळी कळेल. माफ कर असं लिहीत नाही, तेवढं तोंड नाही मला. रविवारी आठवड्याचं काम सुरू होईल तेव्हा ऑफिसात ये. माझ्याशी बोलू नकोस, शेजारी बसू नकोस, पण ये, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्याहून चांगलं काढ. मला जळू दे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
तगरीद