वडाच्या मुळांना वारा

नाय बाबा, तुझं चुकलंच. तू मेलास म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाय. कुंडीच्या बुडाला भोक असतं ते पाणी जायला असतं. तू ते बुजवलंस, आणि एका कुंडीचं नाय, अकराच्या अकरा!

वैशाखऱ्याजवळ घाटाच्या रस्त्याला मुंबईच्या मॅडमचं फार्महाऊस होतं, तिथली बाग तुझ्याकडे. त्या वर्षी मॅडमनी बोन्साय आणले, पसरट कुंड्यांतले वीतभर उंचीचे वड. 'काका, पाणी चुकवू नका,' एवढंच सांगून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी बागेवरून कॉलेजला निघालेय आणि तू तिथे कुंडी डोक्यावर धरून खालून बघतोयस. पाणी गळतंय. खेकड्यानं बांधाला भोक पाडलं की भाताचं खाचर रिकामं होतं, म्हणून दर पावसाळ्यात चिखलाचा गोळा घेऊन बांधाबांधानं फिरणारा तू. तुला दुसरं काय सुचणार? शेतातली चिकण माती मळलीस आणि एकेक भोक लिंपून टाकलंस. वर बोटभर पाणी तुंबलं तेव्हा कुठे तुझं समाधान झालं.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. तू आणखी पाणी घातलंस. मॅडम आल्या, एक झाड उपसून त्यांनी काळी, घाण वास मारणारी मुळं दाखवली. ओरडल्या नायत. 'काका, गुदमरलं हो हे,' एवढंच. घरी येऊन तू ताटावर बसेनास. आई म्हणाली, 'पाणीच पाजलं ना? चोरी नाय केली. जेवा आता.' तू म्हणालास, 'तहानेनं मारलं असतं तर समजलो असतो गो. पाजून मारलं.'

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तू नदीवर. जाड रेती चाळून आणलीस, जुनी कौलं हरभऱ्याएवढी फोडलीस, धूळ जाईस्तोवर धुतलीस. त्यात थोडीशीच माती. कुंड्यांची भोकं मोकळी केलीस, सडकी मुळं कापून झाडं त्यात बसवलीस, आणि तेव्हापासून आधी मातीत बोट, मग झारी. बोट ओलं आलं तर पाणी नाय. मी विचारलं, 'थोडं घातलं तर काय होतंय?' तर म्हणे, 'आग्रह करायचा नाय. हे काय लग्नातलं जेवण हाय?' दोन गेली, नऊ जगली. त्यातला एक वड मॅडमनी तुलाच दिला.

तो आता माझ्याकडे आहे, शहापूरला, खिडकीत. तू गेल्यापासून मी त्याची मुळं छाटून माती बदललीच नव्हती. तीन नोकऱ्या सोडल्या, दोन कादंबऱ्या लिहिता लिहिता अर्ध्यावर टाकल्या, पण तू लावलेल्या मुळाला कात्री लावायचं धाडस होईना. हे मेलं तर तुझ्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे? मग पाणी वरच राहायला लागलं, पानं पिवळी पडायला लागली. तुझा तो उतरलेला चेहरा आठवला आणि गेल्या आठवड्यात मी कात्री घेतली. मुळांचा नुसता गुंता झालेला. एकेक सोडवून कापली. रेती, कौलांचे तुकडे, सगळं तुझ्यासारखं. पाणी ओतलं तर खालून सरसर गेलं. आज सकाळी शेंड्याला टोकदार कोंब दिसलाय. जगेल बाबा. जगेलच.

आता एक सांगते, आणि हे पत्र कुठे जाणार नाय म्हणूनच सांगते. त्या सकाळी तू भोकं लिंपत होतास तेव्हा मला कळत होतं. माझा विषय बॉटनी होता. एक शब्द टाकायचा होता फक्त. पण आदल्या दिवशी माझी कवितांची वही बघून तू म्हणाला होतास, 'यानं काय भात पिकणार?' मी मनात म्हटलं, लिंप आता. आणि तशीच पुढे गेले.

काही बोलू नकोस. नळाला पाणी आलंय, अर्धा तासच असतं. निघते.