पेशींचा सोमवार

१३ मे, सोमवार, सकाळी ११.४०
आजपासून नवा मी. पीएचडीचं सहावं वर्ष. गाइड मॅडमनी बजावलंय: २८ जूनच्या सेमिनारला काहीतरी नवीन दाखव, नाहीतर टेबल रिकामं कर. विषय सोपा आहे. पेशीला साखर किती मिळते त्यावर कुठली जनुकं वाचली जाणार हे ठरतं, आणि वाचलेल्या जनुकांवर ती साखर कशी खर्च होणार हे ठरतं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. मधे मी. रोज सकाळी नऊला पेशींना ताजं खाणं घालणार. रोज म्हणजे रोज.

१९ मे, रविवार
उठलो तेव्हा एक वाजला होता. पेशी समजूतदार आहेत.

२० मे, सोमवार
काटकसरीचं जनुक (माझ्या भाषेत 'कंजूष') भलतंच जोरात वाचलं जातंय! खाणं घातलं तरी पेशी संध्याकाळपर्यंत हात आखडूनच.

३ जून, सोमवार
तिसऱ्यांदा तेच. सोमवारी कंजूष वर, मंगळवारी खाली, शनिवारपर्यंत शांत. पेशींना वार कळतात! त्यांना ठेवतो त्या इनक्युबेटरच्या उबदार कपाटाला साधी खिडकी नाही, तरी कळतात. आनंदाने दोनदा चहा प्यायलो.

८ जून, शनिवार
ताईला सांगितलं. (तिच्याकडेच राहतो, ती शाळेत भूगोल शिकवते.) तिने विचारलं, रविवारी त्यांना खायला कोण घालतं? भूगोलवाल्यांचं हे असंच. मुद्दा सोडून भलतंच.

१७ जून, सोमवार
सर्दीमुळे गुरुवारपासून गेलो नव्हतो. आज आलेख कागदात मावेना! पेशींना माझी सर्दी जाणवली असणार. यावर वेगळा पेपर.

२८ जून, शुक्रवार
सेमिनार. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ताईचाच प्रश्न. म्हटलं, कोणी नाही. मागे कोणीतरी खोकलं.
मॅडम म्हणाल्या, पेशी उपाशी राहिल्या, जनुक उघडलं, खर्च आवरला. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पेशींचं काम चोख आहे. आलेख हजेरीच्या फायलीत लावायला सांगितला. फार लाज वाटली.
सोमवारी त्या स्वतः कंजूष मोजणार. चढलेला दिसला तर टेबल रिकामं.

२९ जून, शनिवार, सकाळी ९.०२
खाणं घातलं! उद्या लॅब बारालाच बंद होते. ताईला म्हटलं, उठव. ती म्हणाली, पेशी तुझ्या आहेत. तीन गजर लावले.

३० जून, रविवार, दुपारी १२.५०
आत्ता उठलो. तिन्ही गजर बंद. मीच केले असणार.
आज कुठला वार, हे पेशींना एव्हाना कळलं असेल.