दुसऱ्याच्या नावाचा प्रबंध

८ जानेवारी
घेतलं काम! नीतिशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध — दुसऱ्यासाठी. वहिनीच्या ऑफिसातला एकजण आहे. पदवी मिळाली की बढती. 'विषय कुठलाही चालेल ताई, फक्त सोपा बघा.' त्याचं नाव इथे लिहीत नाही. गिऱ्हाईक म्हटलं की पुरे.

नऊ वर्षं कॉलेजात तासांवर नीतिशास्त्र शिकवतेय आणि साध्या चपलांसाठी दादापुढे हात पसरतेय. कसली नीती आणि कसलं काय!

१५ जानेवारी
विषय मुद्दाम निवडला — उशिरा सांगितलेलं खरं. खोटं पचून गेल्यावरही खरं सांगायला माणूस बांधलेला असतो का? गिऱ्हाईक म्हणालं, 'छान आहे.' डोंबल छान! कळलं असेल तर शपथ.

वहिनी म्हणते, 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान!' आणि वर हसते. काम आणलं कोणी? हिनंच!

२ फेब्रुवारी
चौथं प्रकरण झालं. लिहिताना जेवायचंही विसरले. खोटं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून संपत नाही. खरं सांगेपर्यंत आपण ते रोज नव्यानं बोलत असतो — असं मांडलंय. आणि सांगायचं तर पकडलं जायच्या आधी. नंतर सांगितलं तर ती नुसती शरणागती.

इतकं चांगलं मी स्वतःच्या प्रबंधातही लिहिलं नव्हतं. पहिल्या पानावर नाव मात्र त्याचं! जळफळाट होतोय नुसता.

३ फेब्रुवारी
पुन्हा वाचलं. खरंच चांगलं आहे मेलं.

११ फेब्रुवारी
झाली ना पंचाईत! गिऱ्हाइकाचा फोन. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक कोण येणार, तर आमच्याच विभागप्रमुख बाई! माझं एक पान वाचलं तरी ओळखतील. माझी कायमची नेमणूकही त्यांच्याच हातात, आणि मुलाखत पुढच्या महिन्यात.

'ताई, जरा कच्चं करता का?' म्हणे. 'म्हणजे मीच लिहिल्यासारखं वाटेल.'

१४ फेब्रुवारी
कच्चं करतेय. चांगलं वाक्य दिसलं की मोडायचं. एक दाखला काढून टाकला, दुसरा भलत्याच जागी नेऊन ठेवला. जिथे तिथे 'अशा प्रकारे आपण पाहिले की' पेरलं. इतकी वर्षं पेपर तपासून एवढं तरी आलंय — पोरं कशी लिहितात ते!

आपल्याच पोराला मुद्दाम मळके कपडे घालून शाळेत पाठवावं, तसं वाटलं. रडले. चौथ्या प्रकरणाची शेवटची पानं मात्र तशीच ठेवली. हात धजेना.

२६ फेब्रुवारी
तोंडी परीक्षेच्या तयारीला गिऱ्हाईक घरी आलं. 'ताई, ते चौथं प्रकरण पुन्हापुन्हा वाचतोय. कामात लक्ष लागत नाही हो.' म्हटलं, पाठ करा, उगाच समजून घेत बसू नका.

'पण तुम्हाला खरंच तसं वाटतं?'

'वाटायचंय काय त्यात! पास होण्यापुरतं लिहिलंय.'

तोंड एवढंसं झालं त्याचं. मग मुकाट्यानं प्रश्नोत्तरं लिहून घेतली. पालथ्या घड्यावर पाणी!

६ मार्च
मुलाखत झाली. बाई खूश! बाहेर येऊन पाठीवर हात ठेवला, 'या वेळी तुझंच नाव. सोमवारी पत्र निघेल.'

घरी सांगितलं. वहिनीनं मिठीच मारली. दादानं टीव्हीचा रिमोट आपणहून माझ्या हातात दिला. या घरात याहून मोठा मान नाही!

८ मार्च
उद्या पत्र. उद्याच त्याची तोंडी परीक्षा. एकदाची सुटेन.

९ मार्च
त्याचा फोन आला. आवाज कसा अगदी मोकळा. बाईंनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तो उठून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. 'मग लिहिलं कोणी?' तर माझं नावही सांगितलं.

'ताई, तुमचं म्हणणं पटलं मला. पकडलं जायच्या आधी सांगितलं.'