पावणेआठची प्रार्थना

३ फेब्रुवारी, सोमवार
पार्सल आलं. धर्मपुस्तकांच्या दुकानातून मागवलेलं सामान:
वचनपेटी, लाकडी (आत वचनांच्या गुंडाळलेल्या दोनशे चिठ्ठ्या) – १२.५०
भिंतीवरचा उपासना-तक्ता, चार रकानी, सोबत सोनेरी चांदण्या – ३.००
पितळी घंटी – ६.००
मातांसाठी पुस्तिका – १.२५
टपालखर्च – २.००
एकूण २४.७५.
घंटी जरा महाग पडली. पण रोज हाका मारून घसा बसतो, आणि खोकल्याचं औषध सहाला येत नाही. म्हणजे बचतच.

कारण लिहून ठेवते. काल उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी देवाच्या घरातून हळूच निसटतात आणि आईबापांना पत्ताही लागत नाही. मी लगेच वळून पाहिलं. थोरली खिडकीच्या काचा मोजत होती. वय सतरा. मोजत होती हे मला नजरेवरूनच कळलं. अठ्ठावीस आहेत.

निश्चय: उद्यापासून रोज संध्याकाळी पावणेआठला घरची उपासना. चौघंही. वीस मिनिटं. चाळीस दिवसांत घर ओळखू येणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
७.४५ला घंटी वाजवली. धाकटी (वय नऊ) धावत बाहेर गेली. तिला वाटलं आइस्क्रीमवाला. हे डोळ्याला भिंग लावूनच आले, हातात कुणाचं तरी उघडं घड्याळ. थोरली तिसऱ्या घंटीला.
वचनपेटीत मी आईबापांची आज्ञा पाळण्याबद्दलची चिठ्ठी सगळ्यांत वर, थोरलीच्या बाजूला ठेवली होती. ती ह्यांनी उचलली. वाचून म्हणाले, माझे आईवडील जाऊन दहा वर्षं झाली, आता मी कुणाचं ऐकू? धाकटी म्हणाली, आईचं ऐका, नाहीतरी ऐकताच.
सुरुवात चांगली झाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मोठा शोध लागला. एरवी काही सांगायला गेलं की दारं आपटतात. तेच प्रार्थनेत म्हटलं तर सगळ्यांना डोळे मिटून ऐकावं लागतं आणि मध्ये बोलता येत नाही. आज म्हटलं, हे प्रभू, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना क्षमा कर आणि त्यांना दोरी दाखव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
टॉवेल दोरीवर. प्रार्थनेला उत्तर मिळतं ते असं.

८ फेब्रुवारी, शनिवार
युक्ती घरात पसरली. ह्यांनी प्रार्थना केली की, प्रभू, कपडे धुणाऱ्या हातांना बळ दे आणि धुण्याआधी खिसे तपासायची बुद्धी दे, गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं चाक मोरीत गेलंय. धाकटी म्हणाली, प्रभू, मला नवे बूट दे, आईनेही ऐकलंय.
थोरली फक्त ‘आमेन’ म्हणाली. तक्त्यावर सगळ्यांना चांदणी. तिचा रकाना पाचही दिवस कोरा.

१० फेब्रुवारी, सोमवार
थोरलीला सरळ विचारलं, एक वाक्य बोलायला काय पैसे पडतात? संडेस्कूल शिकवणाऱ्या बाईची मुलगी मुकी, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक आपल्या घरी पावणेआठला येतात का? (उत्तर सुचलं, पण नंतर, भांडी घासताना.)

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
जे घडलं ते लिहिते. दोघी बटाटे सोलत होतो. थोरली खाली मान घालूनच म्हणाली, आई, एक सांगते, पण ओरडू नकोस. आणि कुणाला सांगू नकोस. बाबांनासुद्धा नाही.
मी म्हटलं, मला आहे का ती सवय?
ती म्हणाली, प्रार्थना करते तेव्हा तिकडे कुणी आहे असं वाटतच नाही गं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. खूप प्रयत्न केला. खोटं बोलायचं नाही म्हणून नुसती आमेन म्हणते. तेवढंच खरं म्हणता येतं.
माझ्या हातातला बटाटा सोलून सोलून गोटीएवढा झाला. तरी मी शांतपणे म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस हो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. दोन वर्षांनी. केसांना शाईचा वास येत होता, टायपिंगच्या क्लासमधला.
शब्द दिला आहे. मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कुणाला सांगितलं नाही. छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं होतंय. पुस्तिकेत ‘भिंत’ विषयावर काहीच नाही. सव्वा वाया.

१५ फेब्रुवारी, शनिवार
अजून सांगितलेलं नाही. हे म्हणाले, तोंड असं का मिटलंयस, दाढ दुखतेय का? हो म्हटलं. आता लवंग धरून बसले आहे. खोटं बोलल्याची क्षमा मागितली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
भगिनी मंडळाची सभा. शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात आणि सेक्रेटरीबाई वहीत लिहून घेतात. मी उठले. का उठले ते माहीत नाही, गुडघे आपोआप उठले.
म्हटलं, एका आईसाठी प्रार्थना करा. नाव घेतलं नाही. तिच्या मोठ्या मुलीला प्रार्थनेत समोर नुसती भिंत दिसते, एवढंच म्हटलं. सेक्रेटरीबाईंनी विचारलं, मुलगी केवढी? सतरा. काय करते? टायपिंग शिकते. प्रार्थना नेमकी हवी, मोघम नको, असं पाळकसाहेबच सांगतात. वडील काय करतात? मी म्हटलं, घड्याळांच्या धंद्यात आहेत.
आपल्या मंडळीत घड्याळवाला एकच आहे हे परतीच्या वाटेवर लक्षात आलं.
पण नाव घेतलेलं नाही. शब्द पाळला. शिवाय मी सांगितलं ते देवाला. तेवीस बायका तिथे नुसत्या हजर होत्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार
किती हलकं वाटतंय! तेवीस जणींनी अर्ध्या अर्ध्या तासाची प्रार्थनासाखळी धरली आहे. एकटीने केलं असतं तर इतके तास झाले नसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
थोरली पाव आणायला गेली होती. बेकरीवाल्याच्या बायकोने (आमच्या मंडळातलीच) गल्ल्यावरून तिचा हात धरला आणि एक गोड बन फुकट दिला. म्हणाली, आम्ही सगळ्या तुला उचलून धरतोय गं पोरी. थोरलीने विचारलं, कुठे? ती म्हणाली, ती भिंत एक दिवस पडेल बघ.
थोरली घरी आली. पाव टेबलावर ठेवला, बन शेजारी ठेवला. दार आपटलं नाही. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.
म्हणाली, भिंतसुद्धा सांगितलीस?
मी म्हटलं, तुझं नाव नाही घेतलं.
ती म्हणाली, हो, नाव नसेल घेतलंस. आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. माझ्याही घातल्या.
बन कुणीच खाल्ला नाही. शेवटी धाकटीने.

२३ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनामंदिरात पुढच्या बाकांवरच्या बायका एकेक करून वळून थोरलीकडे पाहून हसल्या. प्रेमाने. पाळकसाहेबांनी ‘ज्यांच्यापुढे भिंती उभ्या आहेत अशा तरुणांसाठी’ प्रार्थना केली. थोरलीने काचा मोजल्या नाहीत. बुटांकडे बघत होती.
ह्यांनी घरी येताना विचारलं, कसली भिंत? सांगावं लागलं. हे घरापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिले. रस्ता मोठा आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
चमत्कार!! ७.४५ला थोरली घंटीच्या आधी हजर. आणि तिने प्रार्थना केली. चांगली चार मिनिटं. स्पष्ट, सुंदर, कुठे अडखळणं नाही. सगळे शब्द माझे, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास. शेवटी आईबाबांसाठी आभारसुद्धा. मी दोन चांदण्या लावल्या.
नंतर स्वयंपाकघरात हे म्हणाले, अगं, पोरीने दुकान बंद केलंय आणि तू पाटीला हार घालतेयस.
काय म्हणाले ते मला कळलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आजही चार मिनिटं. एक चांदणी.
कळलं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
थोरली जेवताना म्हणाली, टायपिंगची परीक्षा आत्याच्या गावी दिली तर चालेल का? तिथे क्लास चांगला आहे. सगळं गोड आवाजात, पाहुण्याशी बोलावं तसं. मी तोंड उघडायच्या आत हे ‘जा’ म्हणाले.
प्रार्थनेत मी म्हटलं, प्रभू, घाईच्या निर्णयांना आवर घाल. ह्यांनी म्हटलं, प्रभू, हिची मूठ थोडी सैल कर. धाकटीने एक डोळा उघडून कोण जिंकलं ते पाहिलं.

१ मार्च, शनिवार
सकाळची बस, सहा तासांचा प्रवास. ट्रंकेत गुपचूप वचनपेटी घातली होती. तिने शांतपणे बाहेर काढून टेबलावर ठेवली, म्हणाली, तुमच्या उपासनेला लागेल.
स्टँडवर सांगायच्या अकरा गोष्टी पाठ केल्या होत्या. दुसऱ्या नंबरला क्षमा मागायची होती. बस आली आणि मी म्हटलं, तिकीट नीट ठेव. ती म्हणाली, हो. खिडकीतून हात धाकटीला केला.

३ मार्च, सोमवार
७.४५. घंटी उचलली तेव्हा धाकटी म्हणाली, आई, नको ना वाजवू, आम्ही दोघं समोरच बसलोय.
माझी पाळी आली. डोळे मिटले. एक शब्द येईना. थांबले. पुन्हा सुरुवात केली, ‘हे प्रभू’, आणि पुढे काही नाही. तिकडे कुणी ऐकतंय असं वाटेना. ह्यांची पाच-सहा घड्याळं टिकटिकत होती, कुठलीच एकमेकांबरोबर नाही. शेवटी हेच हळूच म्हणाले, आमेन.
एवढं तरी खरं झालं.
तक्त्यावर माझा रकाना कोरा ठेवला. धाकटीने विचारलं, चांदण्या संपल्या का? नाही म्हटलं. उरल्या आहेत चिकार.

४ मार्च, मंगळवार
अजून काही पत्र नाही. तिला लिहायला बसले. आठ पानं झाली, अकरा सूचनांसकट. वजनाला जास्त तिकीट लागलं असतं, म्हणून कमी केलं. (तिकिटासाठी नाही.) राहिलं ते इथे उतरवून ठेवते:

चि. थोरलीस आईचा सप्रेम सलाम.
मी सांगितलं. तेवीस बायकांना. नाव घेतलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी मला समजावत होते. तुला तसं समजावणार नाही.
काल मला भिंत लागली. तू म्हणाली होतीस तशीच. हे अजून मी कुणाला बोललेले नाही, मंगळवार असूनही आज सभेला गेले नाही. फक्त तुला सांगते आहे.
तू आमेनच म्हणत जा. नाहीच आलं तर तेही नको. चार मिनिटांचं ते पुन्हा करू नकोस, मला ऐकवत नाही.
तक्ता काढला. खिळ्याचं भोक दिसतं, त्यावर कॅलेंडर लावलं आहे.
सोबत जोडकार्ड आहे. त्यावर आपला पत्ता मीच घातला आहे, तुला नुसतं लिहायचं आहे. माझ्यावर राग असेल तर तसं लिही, सगळं कार्ड भरून लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर ‘पोचले’ एवढंच लिही, पण उलट टपाली कळव.